जुन्या स्कोपच्या पडद्यावरचं कॉम्प्युटरवर कसं आणायचं

एचपी ८५६८ए हा स्पेक्ट्रम ॲनालायझर १९७८ साली बाजारात आला. १०० हर्ट्झपासून १.५ गिगाहर्ट्झपर्यंत कोणत्या फ्रीक्वेन्सीवर सिग्नलची किती ताकद आहे, हे तो पडद्यावर रेषा काढून दाखवतो. नीट सांभाळलेला असेल तर आजही तो मान खाली घालायला लावत नाही. अडचण येते ती पडद्यावरचं रिपोर्टमध्ये घालायची वेळ आली की. जुन्या स्कोपचीही (म्हणजे वेळेनुसार व्होल्टेज कसं बदलतं ते दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची) हीच गत. यूएसबी नाही, लॅन नाही, मेमरी कार्डाची खाच नाही. मग बहुतेक जण मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतात. काचेवर ट्यूबलाइट चमकते, कोपऱ्यातले आकडे फिस्कटतात, रेषा तिरकी दिसते, पण काम भागवून नेलं जातं.

असं भागवून नेण्याची गरज नसते. या यंत्राच्या पाठीमागे २४ पिनांचं एक रुंद कनेक्टर आहे आणि पडद्यावरच्या रेषेचा प्रत्येक बिंदू त्यातून आकड्याच्या रूपात बाहेर काढता येतो. माझ्या मते चित्रापेक्षा हे आकडे कितीतरी मोलाचे आहेत. चित्र फक्त बघता येतं. आकडे मोजता येतात, दुसऱ्या मोजणीशी ताडून पाहता येतात, हव्या त्या मापात पुन्हा आलेखावर मांडता येतात. चित्र कसं मिळवायचं तेही सांगतो, पण शक्य असेल तिथे आकड्यांपर्यंत जा, असा माझा आग्रह आहे.

पाठीमागचं ते रुंद कनेक्टर

एचपी कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपली यंत्रं एकमेकांना आणि कॉम्प्युटरला जोडण्यासाठी एक पद्धत बसवली आणि तिला एचपी-आयबी असं नाव दिलं. १९७५ मध्ये तीच पद्धत आयईईई ४८८ या क्रमांकाने मानक झाली. बाकीच्या कंपन्या तिला जीपीआयबी म्हणू लागल्या. टेक्ट्रॉनिक्स, फ्लूक, एचपी, कुणाचंही त्या काळातलं प्रयोगशाळेच्या दर्जाचं यंत्र घ्या, मागे हे कनेक्टर असण्याची शक्यता मोठी.

यातल्या १६ तारा कामाच्या आणि बाकीच्या ग्राउंडच्या व शील्डच्या. कामाच्या १६ पैकी ८ तारांवरून एका वेळी एक बाइट जातो. ५ तारा व्यवस्थेच्या: आता येतोय तो हुकूम आहे की माहिती, निरोप संपला का, कुणाला मध्येच काही सांगायचंय का, असलं सगळं त्यांच्यावर चालतं. उरलेल्या ३ तारांवर या पद्धतीची खरी कमाल आहे. वर्गात श्रुतलेखन घालणाऱ्या बाई शेवटच्या बाकावरच्या मुलाचं लिहून होईपर्यंत पुढचा शब्द सांगत नाहीत, तसं इथे होतं. बोलणारं यंत्र एक बाइट तारांवर ठेवतं आणि 'माहिती तयार आहे' असं एका तारेवर कळवतं. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाने 'घेतली' म्हटल्याशिवाय ते पुढचा बाइट ठेवत नाही. सगळ्यांत मंद ऐकणारा वेग ठरवतो. म्हणूनच १९७८ सालचं यंत्र आणि आजचा लॅपटॉप यांच्यात वेग जुळवत बसावं लागत नाही. वेगाचं एकही सेटिंग नाही. इतक्या जुन्या जोडणीवर आजही निर्धास्तपणे काम करता येतं ते यामुळेच.

एका केबलमाळेत जास्तीत जास्त १५ उपकरणं चालतात आणि केबलची एकूण लांबी २० मीटरच्या आत ठेवायची. प्रत्येक उपकरणाला ० ते ३० मधला एक पत्ता असतो. ८५६८ए ला कारखान्यातून १८ हा पत्ता मिळतो, एचपीच्या ८७५३ मालिकेतल्या नेटवर्क ॲनालायझरला (सर्किटमधून सिग्नल कसा जातो ते मोजणाऱ्या यंत्राला) १६. काही यंत्रांत पत्ता मेनूतून बदलता येतो, काहींत मागच्या बाजूच्या छोट्या स्विचांनी.

लॅपटॉपच्या बाजूला यूएसबी-जीपीआयबी अडॅप्टर लागतो. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचे आणि एजिलंटचे (आता कीसाइटचे) अडॅप्टर उत्तम आहेत, पण महाग, आणि बाजारात त्यांच्या नकला बऱ्याच फिरतात. प्रोलॉजिक्सचा अडॅप्टर साधा आणि भरवशाचा. कॉम्प्युटरला तो सीरियल पोर्ट म्हणून दिसतो. दोन अधिक चिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळी अडॅप्टरसाठी, बाकीच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा यंत्राकडे, एवढाच त्याचा नियम. हाच नियम पाळणारं एआर४८८ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते आर्दुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाच्या उनो, नॅनो किंवा मेगा मॉडेलवर चढवायचं, बोर्डाच्या पिना जीपीआयबी कनेक्टरला जोडायच्या, की अडॅप्टर तयार. एका-दोन यंत्रांसाठी तेवढं पुरतं. जास्त यंत्रं लावायची असतील तर मध्ये एसएन७५१६० आणि एसएन७५१६१ या, तारांना पुरेसा जोर देणाऱ्या ड्रायव्हर चिप टाकाव्यात. ज्याला सोल्डरिंग येतं त्याने हाच मार्ग धरावा असं मी सुचवेन. तारा हाताने जोडल्या की वर सांगितलेला व्यवहार पुस्तकापेक्षा जास्त पक्का समजतो.

प्लॉटर असल्याची बतावणी

त्या काळात पडद्यावरचं कागदावर घ्यायला पेन प्लॉटर वापरत. एचपी ७४७०ए हा दोन पेनांचा छोटा प्लॉटर फार लोकप्रिय होता. यंत्रावरचं 'प्लॉट' बटण दाबलं की यंत्र जीपीआयबीवरून प्लॉटरला चित्र काढायच्या सूचना पाठवायचं आणि प्लॉटर खरोखरचं पेन उचलून कागदावर रेघा ओढायचा.

त्या सूचनांची भाषा म्हणजे एचपी-जीएल. ती साध्या अक्षरांत असल्यामुळे माणसालाही वाचता येते. 'एसपी१; पीयू१०००,२०००; पीडी१०१०,२०३५,१०२०,२१००;' अशी ओळ आली तर ती सांगते: एक नंबरचं पेन घे, पेन वर उचलून आडव्या १००० आणि उभ्या २००० या जागी जा, मग पेन कागदावर टेकवून १०१०, २०३५ पर्यंत आणि तिथून १०२०, २१०० पर्यंत रेघ ओढ. एक एकक म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. 'एलबी' आलं की पुढची अक्षरं लेबल म्हणून लिहायची. लेबल कुठे संपलं हे ३ क्रमांकाचं न दिसणारं कंट्रोल अक्षर सांगतं.

आता प्लॉटरच्या जागी आपला अडॅप्टर लावून तोच ७४७०ए असल्याची बतावणी केली तर? यंत्राला फरक कळत नाही. ते प्रामाणिकपणे सगळ्या सूचना पाठवतं, आपण त्या फाइलमध्ये साठवतो आणि कॉम्प्युटरवर रेखाटतो. जॉन माइल्स या अमेरिकी हॅम (हौशी) रेडिओवाल्यांनी लिहिलेला जीपीआयबी टूलकिट हा मोफत संच नेमकं हे काम करतो. त्यातल्या मुख्य प्रोग्रॅमचं नावच ७४७० आहे. लिनक्सवर मिळालेल्या एचपी-जीएल फाइलचं चित्र करायला एचपी२एक्सएक्स हा जुना प्रोग्रॅम आजही चालतो.

मोबाइलच्या फोटोच्या तुलनेत हे चित्र स्वच्छ असतं, कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, कोपऱ्यातली सगळी सेटिंग्ज मजकूर म्हणूनच येतात. पडद्यावरच्या चौकोनांची जाळी एका पेनाने आणि रेषा दुसऱ्या पेनाने काढलेली असेल, तर जाळी काढून टाकून नुसती रेषा ठेवता येते.

अडतं कुठे? बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. जीपीआयबीवर एका वेळी सूत्रं एकाच्याच हातात हवीत. तुम्ही यंत्रावरचं प्लॉट बटण दाबता तेव्हा ते यंत्र स्वतः सूत्रधार होऊ पाहतं, आणि तुमचा अडॅप्टरही सूत्रधार म्हणूनच चालू असेल तर दोघंही अडून बसतात. पडद्यावर काही होत नाही, फाइल रिकामी. ८७५३ च्या 'लोकल' मेनूत यासाठी 'सिस्टिम कंट्रोलर' आणि 'टॉकर/लिसनर' असे वेगळे पर्याय दिलेले आहेत. दोन सरळ वाटा आहेत. एक, यंत्राला सूत्रधार करा, अडॅप्टरला साधं उपकरण करून प्लॉटरचा पत्ता द्या. तो कारखान्यातून ५ असतो. दुसरी, यंत्राला टॉकर/लिसनर ठेवा, बटणाला हात लावू नका, आणि प्लॉट पाठवण्याचा हुकूम कॉम्प्युटरवरूनच द्या. दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण ती प्रोग्रॅममध्ये बसवता येते. काही यंत्रांत 'टॉक ओन्ली' अशीही सोय असते: पत्ता-बित्ता काही नाही, यंत्र बोलत सुटतं, अडॅप्टरने नुसतं ऐकायचं.

आणखी एक बारीक गोष्ट. काही यंत्रं चित्र पाठवण्याआधी प्लॉटरला विचारतात: तू कोण, तुझ्या कागदाचे कोपरे कुठे? खरा प्लॉटर '७४७०ए' असं उत्तर देतो आणि कोपऱ्यांचे आकडे सांगतो. आपली बतावणी करणारी व्यवस्था नुसती ऐकतच राहिली तर यंत्र उत्तराची वाट बघत थांबतं. चांगली सॉफ्टवेअर ही उत्तरं देतात. स्वतः लिहिणार असाल तर ही सोय विसरू नका.

आकडे

८५६८ए पडद्याच्या रुंदीभर १००१ बिंदू ठेवतो. ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेषा, मागणारा हुकूम पाठवला की हे १००१ आकडे येतात. स्पॅन, म्हणजे पडद्यावर मावणारा फ्रीक्वेन्सीचा पट्टा, १० मेगाहर्ट्झ असेल तर दोन बिंदूंमधलं अंतर १० किलोहर्ट्झ. उभ्या बाजूला १० खाने, प्रत्येक १० डेसिबलचा, आणि खालपासून वरपर्यंत १००० एककं; म्हणजे एक एकक ०.१ डेसिबल. काचेवर डोळे बारीक करून वाचताना ०.१ डेसिबल कुणालाही दिसत नाही. आकड्यांत तो आयता मिळतो.

टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस मालिकेतल्या स्कोपचा हिशोब थोडा वेगळा. स्कोप कच्चे आकडे पाठवतो, एका बाइटमध्ये मावणारे, उणे १२८ ते १२७. त्यांचं व्होल्टमध्ये रूपांतर कसं करायचं हे स्कोपलाच विचारायचं. तो तीन संख्या देतो: एक गुणक, एक वजा करायची, एक शेवटी मिळवायची. कच्च्या आकड्यातून दुसरी वजा करा, गुणकाने गुणा, तिसरी मिळवा, की व्होल्ट. एका खान्यात २५ पायऱ्या असतात, म्हणून १ व्होल्ट प्रति खाना ठेवलं तर गुणक ०.०४ येतो. कच्चा आकडा ५० आणि बाकीच्या दोन संख्या शून्य असतील, तर उत्तर २ व्होल्ट. आडव्या बाजूला खान्याला ५० बिंदू. १ मिलिसेकंद प्रति खान्याला दोन बिंदूंमध्ये २० मायक्रोसेकंद.

या तीन संख्या लहरीसोबत त्याच फाइलमध्ये साठवा. नुसत्या कच्च्या आकड्यांची फाइल वर्षभराने उघडली तर ते ५० म्हणजे २ व्होल्ट की २ मिलिव्होल्ट, हे सांगणारं कुणी उरत नाही.

आता हमखास छळणारा एक प्रकार. साधी अक्षरं पाठवताना ओळ संपली हे १० क्रमांकाच्या बाइटने कळतं आणि अनेक अडॅप्टर 'दहा आला की थांब' अशा सेटिंगवर असतात. पण लहरीचे बायनरी आकडे येत असतील तर १० हा एक साधासुधा आकडाही असू शकतो. लहर शून्याच्या किंचित वर गेली, १० ही किंमत आली, अडॅप्टरला वाटलं निरोप संपला, आणि फाइल मध्येच तुटली. गंमत म्हणजे सपाट रेषा नीट येते आणि साइन वेव्ह अर्धवट येते, त्यामुळे माणूस केबलला आणि स्कोपला दोष देत बसतो. उपाय असा की शेवट ओळखण्यासाठी १० वर विसंबायचं नाही. जीपीआयबीच्या व्यवस्थेच्या तारांपैकी एक, ईओआय, खास यासाठीच आहे: शेवटच्या बाइटबरोबर ती खाली ओढली जाते. अडॅप्टरला सांगा की ईओआय येईपर्यंत वाच. पडद्याचं बीएमपी चित्र मागवताना ते अर्ध्यावर कापलेलं आलं, तरी पहिला संशय इथेच घ्यावा.

जीपीआयबी नसेल तर

बऱ्याच स्कोपना आरएस-२३२, म्हणजे जुना सीरियल पोर्ट असतो. इथे वेग दोन्हीकडे सारखा ठेवावा लागतो आणि 'जरा थांब' म्हणण्याची सोय चालू करावी लागते. ती तारांवरची ठेवा. अक्षरांवर चालणारी ठेवली तर १७ आणि १९ हे बाइट माहितीतून गिळले जातात आणि पुन्हा तीच अर्धवट फाइलची कटकट.

९६०० बॉड या वेगाला सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र ३८,४०० बाइटचं, म्हणजे ४० सेकंद. तेच २५६ रंगांचं असेल तर पाच मिनिटांहून जास्त. आणि ५०० बिंदूंची लहर? अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर. आकडे घ्या असा आग्रह धरतो त्याचं हे आणखी एक रोकडं कारण.

फ्लॉपीवाल्या यंत्रांत टीडीएसच्या फ्लॉपी साध्या डॉस पद्धतीच्या असतात आणि यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवर वाचल्या जातात. एचपीच्या काही यंत्रांच्या फ्लॉपी एलआयएफ नावाच्या त्यांच्याच पद्धतीच्या असतात. विंडोज त्या 'फॉरमॅट करू का' असं विचारतं. हो म्हणू नका. त्या वाचणारे वेगळे छोटे प्रोग्रॅम मिळतात.

आणि पूर्ण ॲनालॉग स्कोप? टेक्ट्रॉनिक्स ४६५ घ्या किंवा आपल्याकडच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांतले साधे दोन चॅनलचे स्कोप. त्यांच्यात आकडे कुठेच नसतात. फॉस्फरवर, म्हणजे काचेच्या आतल्या चमकणाऱ्या थरावर, उजेडाची रेषा उमटते आणि विझते. तिथे कॅमेराच. पूर्वी पडद्याच्या चौकटीवर पोलरॉइड कॅमेरा बसवायचे. आज मोबाइल चालतो, पण स्टँडवर, पडद्याच्या अगदी समोर, वरून काळं कापड टाकून. एक्स्पोजर हाताने ठरवा. स्वीपच्या, म्हणजे रेषा एकदा डावीकडून उजवीकडे सरकण्याच्या, वेळेपेक्षा ते लांब हवं, नाहीतर रेषेचा एकच तुकडा चमकलेला दिसतो. जाळी प्रकाशित करणारा दिवा मंद, पण चालू ठेवा, कारण त्या जाळीवरूनच पुढे वेबप्लॉटडिजिटायझरसारख्या प्रोग्रॅममध्ये अक्ष ठरवून रेषेचे आकडे काढायचे असतात. फार बारकाव्याची अपेक्षा ठेवू नका. ॲनालॉग स्कोपची स्वतःची अचूकताच तीन टक्क्यांच्या आसपास असते. एचपी १४१टी सारख्या जुन्या ॲनालॉग स्पेक्ट्रम ॲनालायझरना मात्र स्वीपचं आणि उभ्या रेषेचं व्होल्टेज बाहेर काढून दिलेलं असतं. ती दोन व्होल्टेज एखाद्या दोन चॅनलच्या एडीसीने (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या सर्किटने) वाचली की पुन्हा आकडे हातात. साउंड कार्ड यासाठी वापरू नका. ते डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अडवतं आणि हळू स्वीपचा आकार बिघडवतं.

केबल लावण्याआधी

हे न वाचता कुणी केबल लावू नये. स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप, स्कोपची बॉडी, जीपीआयबी किंवा यूएसबीच्या केबलचं शील्ड, कॉम्प्युटरची बॉडी हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. आपल्याकडे अनेक वर्कशॉपांत एसएमपीएसची (टीव्ही-कॉम्प्युटरमधल्या स्विचिंग पॉवर सप्लायची) मेन्सकडची बाजू तपासायला स्कोपच्या प्लगची अर्थिंग पिन काढून टाकतात. असं केलं की स्कोपच्या बॉडीवर त्या सर्किटचं व्होल्टेज येतं. २३० व्होल्ट मेन्स रेक्टिफाय केल्यावर ते ३२५ व्होल्टपर्यंत असतं. एरवी माणूस निदान स्कोपला हात न लावण्याची काळजी घेतो. पण केबल जोडलेली असेल तर तेच व्होल्टेज लॅपटॉपवर येतं, आणि लॅपटॉपवर आपले दोन्ही हात असतात. स्कोपची अर्थिंग कधीही तोडू नका. तपासायच्या उपकरणाला मेन्सपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर द्या किंवा ग्राउंड क्लिप न लावता दोन बिंदूंमधलं व्होल्टेज मोजणारा डिफरेन्शियल प्रोब वापरा.

केबल लावता-काढताना दोन्ही बाजू बंद ठेवाव्यात. माळेत बंद यंत्रं लटकत ठेवू नयेत, ती तारा खाली ओढून बाकीच्यांना अडवू शकतात.

पडदा गेलेली यंत्रं

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पडदा गेलेलं यंत्र भंगाराच्या भावात दिसतं. पडदा जातो, पण त्यामागचं मोजमाप करणारं सर्किट पुष्कळदा ठणठणीत असतं. मागे जीपीआयबी असेल तर चालू करून बघण्यासारखं आहे. ओळख विचारण्याचा तारांकित 'आयडीएन' हुकूम मात्र १९८७ च्या आयईईई ४८८.२ मानकाबरोबर आला. त्याआधीची यंत्रं त्याला उत्तर देत नाहीत, म्हणून शांतता म्हणजे यंत्र मेलं असं समजू नका. मॅन्युअलमधला त्याच यंत्राचा हुकूम वापरून ट्रेस मागवा. आकडे आले तर पडद्याविनाही ते वर्षानुवर्षं काम देईल. एचपीचं मापनयंत्रांचं काम १९९९ मध्ये एजिलंटकडे आणि २०१४ मध्ये कीसाइटकडे गेलं, तेव्हा जुनी मॅन्युअल शोधताना ही तिन्ही नावं टाकून पाहा.

एकदा केबल जोडलीच आहे तर आणखी एक काम त्याच दिवशी करून टाका. यातल्या अनेक यंत्रांचे कॅलिब्रेशनचे (मापं अचूक ठेवणाऱ्या दुरुस्तीचे) आकडे लिथियम बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असतात. टीडीएस मालिकेतल्या बऱ्याच स्कोपमध्ये तर ती बॅटरी चिपच्या आतच बंद केलेली आहे. बॅटरी संपली की आकडे पुसले जातात आणि ते परत बसवायला पूर्ण कॅलिब्रेशन लागतं. त्याला लागणारी साधनं फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. टीडीएसमध्ये ही मेमरी जीपीआयबीवरूनच वाचून काढता येते आणि ८७५३ च्या नंतरच्या मॉडेलांत कॅलिब्रेशनचे आकडे फ्लॉपीवर घेता येतात. आपल्या यंत्रासाठीची रीत शोधा, मेमरी दोनदा वाचा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते पाहा, आणि यंत्राचा सीरियल नंबर फाइलच्या नावात लिहून ठेवा.